खालचा खण

१

हे कुणाला सांगायचं नाही असं आईने मला बजावलं आहे. लिहायचं नाही असं ती म्हणाली नाही. तिला लिहिता येत नाही, त्यामुळे लिहिणं हेही सांगणंच आहे, हे तिच्या मनात आलं नसावं. मी घरात तशीही कमी बोलते. पोटात ठेव म्हटलं की माझ्या पोटात राहतं. हे मात्र राहत नाही.

आज दुपारी गुणाबाई सुईण येणार आहे. ती आली की मागच्या खोलीतला विस्तव विझवायचा, आणि तो माझ्या गोकुळावहिनीने स्वतःच्या हाताने विझवायचा, असं ठरलं आहे. वहिनी तयार आहे. सकाळपासून ती बरी दिसते. एक गोष्ट तिला माहीत नाही. ती आईला आणि मलाच माहीत आहे.

गुणाबाई यायच्या आत लिहून काढते.

२

आम्ही ढिवर. बा आणि माझा मोठा भाऊ बाबुलालदादा गावाच्या तलावात जाळं टाकतात. जाळ्यात कासव आलं तर गावात ते शिजतं. आमच्या घरात शिजत नाही, कारण दादा शिजू देत नाही. लहानपणापासून त्याला या प्राण्यांचा नाद. कासवं, धानाच्या शेतातल्या बांधीत सापडलेलं मांडूळ, पाय मोडलेलं घोरपडीचं पिल्लू, असं काहीबाही तो घरी आणायचा आणि मडक्यांत, टोपल्यांत ठेवायचा.

मागच्या हिवाळ्यात त्याची कासवं गारठून मेली. मान आत घेतली ती त्यांनी पुन्हा बाहेर काढलीच नाही. दादा कितीतरी दिवस त्यांना उन्हात ठेवून वाट पाहत होता. म्हणून या वर्षी धान कापून झाल्याबरोबर तो कामाला लागला. त्याने काही दिवस वडशाच्या आरा मिलमध्ये काम केलेलं आहे. तिथून टाकाऊ सागवानी फळ्या आणल्या आणि मागच्या खोलीत भिंतीला टेकवून एक मांडणी उभी केली. एकावर एक खण, प्रत्येक खण बाहेर ओढता येईल असा. खणांच्या तळाला भोकं, म्हणजे खालची ऊब वर चढेल. समोरच्या बाजूला जुन्या जाळ्याचे तुकडे ठोकलेले, म्हणजे हवा लागेल आणि कुणी पळणार नाही. सगळ्यात खाली शेगडीला जागा, आणि तिच्यावर घासलेटचा डबा कापून ठोकलेला पत्रा, म्हणजे लाकूड पेटणार नाही.

शेगडीच्या लगेच वरचा, म्हणजे सगळ्यात खालचा खण फार तापायचा. त्यात त्याने धानाचं तूस भरलं आणि तो रिकामाच ठेवला. आच त्या तुसात अडते आणि वरच्या खणांत नुसती ऊब जाते. दादाला हे कुणी शिकवलं नव्हतं. दोनदा चुकून तिसऱ्यांदा त्याला ते जमलं.

ऊब किती हवी ते मात्र आईने शिकवलं. "हात लावून पाहू नोको. कोपर लाव. लेकराच्या आंघोळीचं पानी पाहातेत तसं."

वहिनीचे तेव्हा दिवस भरत आले होते. ती दारात टेकून हसली. "माह्या लेकराच्या आधी ह्या जनावराइचाच पाळना झाला वो बाई."

शेजारचे इतवारीकाका मांडणी पाहायला आले. डोक्यावरचा पंचा सारखा करत म्हणाले, "वा रे बाबुलाल! कासवाले गादी अन् बापाले बोरा. पुढच्या जनमी मी तुह्या घरी कासव होऊन येतो गा."

"या ना काका," दादा म्हणाला, "पन आधी तोंड लहान करून या. खनात मावाले पायजे."

सगळे हसले. बासुद्धा. त्या खोलीत इतकं हसणं नंतर झालं नाही.

३

पौषात वहिनीला मुलगी झाली.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली तुसाच्या विस्तवाची शेगडी ठेवतात. आईला आणि लेकराला खालून शेक मिळतो. तो विस्तव सुईण पेटवते आणि घरचे तो बारशापर्यंत विझू देत नाहीत; नाव ठेवलं की लेकरू घरचं झालं. लेकरू राहिलं नाही, तर त्याच दिवशी त्याच्या आईने तलावाचं पाणी घालून तो विझवायचा आणि शेगडी फोडायची. का, ते कुणी सांगत नाही. जाळं उलटं वाळत घालत नाहीत, ते का हेही कुणी सांगत नाही.

बारशाच्या आधीच ती गेली. सकाळी आईने दुपटं उघडलं आणि पुन्हा मिटलं.

बा आणि दादा तिला तलावाच्या बांधाकडे, पाळीवर पुरायला घेऊन गेले. गुणाबाई त्या दिवशी दुसऱ्या गावी बाळंतपणाला गेली होती. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली. दादा परत आला, हातपाय धुतले, आणि ओलाच बाजेजवळ उभा राहिला. बाजेखाली विस्तव तसाच फुललेला होता. दादाने खाली वाकून शेगडी उचलली. मी दारात होते. तो माझ्या अंगावरून गेला तेव्हा शेगडीची झळ माझ्या तोंडाला लागली. मागच्या खोलीत जाऊन त्याने तिथली विझलेली शेगडी बाजूला केली आणि ही मांडणीखाली सरकवली.

"हे तं जगू दे," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही.

दोन दिवसांनी गुणाबाई येऊन विचारून गेली, "विस्तव विझवला ना वो, भागीरथा?" आई हो म्हणाली. दादाला शेगडी नेताना तिने पाहिलं होतं. त्याने ती बाहेर नेऊन विझवली असेल, असंच तिला वाटलं. आणि मागच्या खोलीत शेगडी तर रोजच असायची. त्या विस्तवावरच रोज नवं तूस पडत गेलं.

यात कुणाची चूक, हे मी पुष्कळदा मनात मांडून पाहिलं. मला कुणावरच रागावता आलं नाही.

४

खण साफ करणं हे माझं काम होतं. आरमोरीच्या शाळेतून आले की घाण काढायची, वाळू चाळायची, परळात पाणी भरायचं. या हिवाळ्यात गुरुजींनी वर्गातला जुना नकाशा काढून नवा लावला होता. आमचा चांदा जिल्हा आता दुसऱ्या राज्यात गेला होता. मी घरी येताना विचार करत होते, की आपण जागचे हललो नाही आणि तरी कुठून कुठे गेलो. त्याच दिवशी मला खालच्या खणात खळगा दिसला, म्हणून हे लक्षात राहिलं.

तूस नेहमी सपाट असायचं. त्या दिवशी मधोमध दबलेलं होतं. लांबट, एखादा भोपळा ठेवून उचलून घ्यावा तसं. मी हाताने सारखं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उंदीर असेल म्हणून मी जाळं तपासलं. एकही दोरा तुटलेला नव्हता. खळग्यात कोपर लावलं, तर कडांपेक्षा तिथे ऊब जास्त. पण शेगडी बरोबर मध्याखाली होती, तेव्हा मध्ये ऊब जास्त असणारच. हे मला पटलं. मी ते स्वतःला दोन-तीनदा समजावलं.

मग कासवांचं माझ्या लक्षात आलं. ती आधी खणाच्या कोपऱ्यांत बसत. आता ती सगळी मधोमध येऊन राहत, खालच्या खळग्याच्या बरोबर वर, आणि मान लांब करून तळाच्या भोकांना तोंड लावत. मांडूळही तिथेच वेटोळं घालून पडायचं.

आणि आवाज. त्या खोलीत दिवसभर नखांची खरखर असायची. मला ती आवडायची. आता भर दुपारी ती एकदम थांबायची, सगळ्या खणांतली एकाच वेळी. वर्गात दंगा चालू असताना दारात कुणीतरी येऊन उभं राहावं, तशी.

५

खळग्यात मला कात सापडली.

कांद्याच्या पातीसारखी पातळ, जवळजवळ दिसतही नव्हती. नखाने उचलली तेव्हा कळलं की पाच लहान लहान बोटं आहेत. मी ती तळहातावर घेऊन दादाकडे गेले. तो अंगणात जाळं सांधत होता.

"घोरपडीची हाये," तो म्हणाला. "तिले पाच बोटं असतेत. इतकी शाळा शिकली, एवढं मालूम नाई?"

"घोरपड वरच्या खनात हाये, दादा."

"मंग पडली असंन भोकातून."

तेही शक्य होतं. मी जाऊन घोरपडीचा पंजा पाहिला. तिची बोटं लांब-आखूड, प्रत्येकाच्या टोकाला आकडी नख. या कातीला नखांची टोकं नव्हती. अंगठा बाजूला होता. पण कात सुकताना आकसते, आणि माझी नजर चांगली असली तरी मी काही त्यातली जाणकार नाही.

काही दिवसांनी दुसरी सापडली. ती पहिलीपेक्षा मोठी होती. मी ती दादासमोर धरली. या वेळी त्याने थट्टा केली नाही. त्याने ती दोन बोटांत घेतली आणि उजेडासमोर धरली. मग उठून शेगडीत टाकली.

"घोरपडीचीच हाये," तो म्हणाला.

त्यानंतर दादा मागच्या खोलीत जाईनासा झाला. कासवांना खायला घालायचं असलं की मला सांगायचा.

६

विस्तवाचं काम वहिनीने घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. "मी टाकतो तूस, तुमी अभ्यास करा बाई," ती मला म्हणाली. जेवण झालं की ती मांडणीजवळ जाऊन बसायची. खण कधी उघडायची नाही. नुसती पाठ टेकून बसायची, आणि बसल्या जागी तिला झोप लागायची. घरात दुसरीकडे कुठेही तिला झोप येत नव्हती, म्हणून आईनेही आधी बसू दिलं.

पण ती वाळत चालली. बांगड्या सरकून कोपरापर्यंत जायच्या. ताटातला भात बोटांनी इकडून तिकडे करायची आणि उठायची. एवढे दिवस झाले तरी तिचं दूध आटलं नव्हतं. दुपारी खरखर थांबली की तिच्या लुगड्याचा पदर ओला व्हायचा. ती लाजून माझ्याकडे पाहायची आणि पदर पालटून घ्यायची. मी पुस्तकात पाहायचे.

शेवटी आईने गुणाबाईला बोलावलं. ती दूध आटवायचा पाला घेऊन आली. वहिनी कुठे आहे म्हणून मागच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. शेगडी तिने स्वतः लिंपलेली होती. काठाला तिच्या बोटांचे ठसे होते.

ती बाहेर अंगणात आली. दादाला म्हणाली, "बाबुलाल, थे शेगडी कोनती होय?"

दादा दाराकडे पाहू लागला.

"ज्या विस्तवानं लेकरू शेकलं थो अजून घरात हाये? काऊन गा?"

"थंडी होती, मावशी. विझवला असता तं माही कासवं मेली असती."

"कासवं मेली असती. अन् बायको?"

आई रडायला लागली. गुणाबाई म्हणाली, तिच्या हाताने विझवा, आजच. पण वहिनी बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की आता विझवलं तर नवा विस्तव धरेपर्यंत यांची जनावरं गारठून मरतील, ऊन तापू द्या, मग मीच विझवते. तिचा आवाज इतका शांत होता की कुणाला पुढे बोलता आलं नाही. आणि दादाला ती त्याच्या जनावरांसाठी बोलते आहे याचंच बरं वाटलं. त्याने होकार दिला.

तेव्हाच विझवायला हवा होता. तेव्हा ते लहान होतं.

७

आता ऊन तापलं आहे. मोहाची फुलं पडू लागली आहेत. काल दादाने कासवं तलावात सोडली, मांडूळ बांधीत आणि घोरपड पाळीवरच्या दगडांत. मीही गेले होते. कासवं पाण्यात शिरली आणि एकदाही मागे वळली नाहीत. दादा मात्र काठावर उभा राहिला होता.

घरी येऊन मी रिकामे खण पुसायला घेतले. वहिनी आईबरोबर नहाणीत होती. मांडणीत आता काहीच जिवंत नव्हतं, म्हणून मला भीती वाटायचं कारण नव्हतं. वरचा खण पुसला. त्याच्या खालचा पुसला.

मग खालच्या खणात तूस सरकल्याचा आवाज झाला.

उन्हाने फळ्या तडकतात. जिथे विस्तव असतो तिथे लाकूड बोलतंच. मी खण बोटभर ओढला. आत अंधार होता आणि तुसाचा गोडसर वास होता, त्यात दुधाचाही. मला वाटलं, खळगा आहे का ते चाचपून पाहावं, म्हणजे मन शांत होईल. मी फटीतून बोट आत घातलं.

तूस ऊबदार होतं. मग माझं बोट कुणीतरी धरलं.

ओढलं नाही, चावलं नाही. तान्हं मूल धरतं तसं धरलं, सगळ्या मुठीने. वहिनीची मुलगी होती त्या थोड्या दिवसांत तिनेही माझं बोट असंच धरलं होतं. पण ही पकड त्यापेक्षा जोराची होती आणि मूठ मोठी होती. मी ओरडले नाही. का, ते माहीत नाही. मी किती वेळ तशीच वाकून होते, तेही माहीत नाही. मग तिकडे नहाणीत वहिनी आईला काहीतरी म्हणाली, आणि मूठ सुटली. मूठ फटीतून आत जाताना मला तिची वरची बाजू दिसली. बोटांवरची कातडी सुटत आली होती आणि खाली नवी, गुलाबी होती. अंधारात मुठीच्या मागे काहीतरी वळलं, वहिनीच्या आवाजाच्या दिशेने.

मी आईला परसात नेऊन सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"गोकुळाले सांगजो नोको. समजलं का? तिले समजलं तं तिचा हात उचलनार नाई. अन् हात नाई उचलला तं गोकुळाच जाईन. पाहाते ना तू, काय राह्यलं तिच्यात?"

"अन् थे, आई?"

"थे आपलं नाई."

ती तिथेच परसात खाली बसली, मातीत.

"आपलं असतं तं नाव ठेवलं असतं," ती म्हणाली.

८

आज सकाळी वहिनी डोक्यावरून न्हाली. भात मागून घेतला आणि संपवला. दादाने तिला मोहाची फुलं आणून दिली तर म्हणाली, "मी का हरीन हाओ?" दादा हसला. किती दिवसांनी हसला. आई चुलीजवळ पाठमोरी बसून डोळे पुसत होती. हे घर पुन्हा पूर्वीसारखं होईल, असं आज पहिल्यांदा वाटतं आहे. आणि ते व्हायला हवं. वहिनी जगायला हवी. मी आईचं ऐकणार आहे. मी वहिनीला सांगणार नाही.

पण मी मागच्या खोलीच्या भिंतीला टेकून लिहिते आहे, आणि भिंतीपलीकडे तूस हळूहळू सरकतं आहे. वहिनी अंगणात बोलली की ते थांबतं. ती गप्प झाली की पुन्हा सुरू होतं. तिने तो खण एकदाही उघडला नाही, आणि आता कधी उघडणार नाही. ती पाणी ओतेल तेव्हा तिला वाटेल, आपण नुसता विस्तव विझवतो आहोत. पलीकडे मात्र तिचा आवाज ओळखला जाईल.

मला याचंच वाईट वाटतं. ते काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि ते तिला खातं आहे हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी थंडीत कुणीतरी ऊब दिली म्हणून ते राहिलं. त्यात त्याचं काय चुकलं? निदान एक नाव तरी असायला हवं होतं. काल रात्री अंथरुणात मी एक नाव शोधलं. चांगलं आहे, आमच्या घरात कुणाचं नाही. ते मनात आलं तेव्हापासून मला जरा हलकं वाटतं आहे. तोंडाने मी ते कुणापुढे घेणार नाही. इथे नुसतं लिहून ठेवते, म्हणजे सांगितलं असं होणार नाही.

तूस सरकायचं थांबलं आहे. वहिनी तर बोलत नाही. कुणीच बोलत नाही.

गुणाबाईचा आवाज आला. वहिनी अंगणातून मला हाक मारते आहे, "बाई, घागर कुठी ठेवली वो? आना बरं इकडे!" येते म्हटलं. एवढं लिहून होऊ दे. तिचं नाव